जुना लॅपटॉप, नवं लिनक्स: अडतं कुठं आणि का

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्या दिवशी कुणाचा लॅपटॉप बंद पडला नाही. तो पूर्वीसारखाच चालू होतो, फक्त सुरक्षेचे नवे अपडेट यायचे थांबले. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेटची सोय ठेवली, पण ती वेगळी नोंदणी करून घ्यावी लागते. विंडोज ११ वर जावं म्हटलं तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणीच्या घरांतले बरेच लॅपटॉप एकतर मुलाच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाला घेतलेले, नाहीतर बेंगळूर-पुण्याच्या ऑफिसांतून निघालेले सेकंडहँड. सहाव्या-सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, कीबोर्डवरची दोनचार अक्षरं पुसलेली. मशीन ठणठणीत आहे, पण विंडोज ११ त्याला दारात उभं करत नाही.

मग कुणीतरी सांगतं, लिनक्स घाल. फुकट आहे, व्हायरस येत नाही, जुना लॅपटॉप पळायला लागतो. यातलं पहिलं खरं आहे, दुसरं अर्धं खरं आहे. तिसऱ्याचं निम्मं श्रेय बहुतेक वेळा जुनी हार्डडिस्क काढून बसवलेल्या एसएसडीचं असतं; ती बसवून विंडोजच ठेवलं असतं तरी लॅपटॉप पळालाच असता. आणि आठवड्याच्या आत फोन येतो: "अण्णा, वायफायच दिसंना की. प्रिंटर बी गप्प बसलाय. परत विंडोजच घालून दे बघ."

हा वैताग खरा आहे, त्याला आळशीपणा म्हणून उडवून लावणाऱ्या लिनक्सभक्तांचं मला पटत नाही. पण तो कुठून येतो हे कळलं तर निम्मा आधीच टाळता येतो. तो फारसा लिनक्समधून येत नाही. लॅपटॉपला जी यंत्रं, जी सॉफ्टवेअर आणि ज्या कचेऱ्या चिकटलेल्या असतात त्यांनी गेली तीस वर्षं फक्त विंडोज गृहीत धरलं, तिथून तो येतो. म्हणून "लिनक्स चांगलं की वाईट" हा प्रश्न बाजूला ठेवून "माझ्या लॅपटॉपला काय काय चिकटलेलं आहे" हे आधी बघायचं.

लिनक्स म्हणजे काय, ते थोडक्यात

१९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं जे लिहायला घेतलं तो कर्नल होता, म्हणजे प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कीबोर्ड यांच्याशी थेट बोलणारा सगळ्यांत खालचा थर. नुसता कर्नल घेऊन तुम्हाला काही करता येत नाही. त्यावर खिडक्या, मेनू, ब्राउझर, फाइल उघडायची सोय असं सगळं रचून जो तयार संच मिळतो त्याला डिस्ट्रो म्हणतात. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन ही सगळी डिस्ट्रोच. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातसुद्धा लिनक्सचाच कर्नल आहे, त्यामुळं "मी लिनक्स कधी वापरलं नाही" हे तसं खोटंच.

कुठली डिस्ट्रो घ्यायची यावर यूट्यूबवर रोज भांडणं चालतात. विंडोजवरून येणाऱ्यानं लिनक्स मिंट घ्यावी आणि तो विषय तिथंच मिटवावा. मेनू डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजव्या कोपऱ्यात, हाताला सवय आहे तसं. मिंट उबुंटूच्या दीर्घकाळ पाठिंबा असलेल्या आवृत्तीवर उभी असते, त्यामुळं उबुंटूसाठी सांगितलेले बहुतेक उपाय तिथंही चालतात.

ड्रायव्हर नावाचा दुभाषी

खानापूर तालुक्यातल्या एखाद्या आजोबांना पहाणीच्या उताऱ्यावरचं नाव दुरुस्त करायचं असतं. कागद सगळा कन्नडमध्ये, आजोबांची जन्माची भाषा मराठी. मग ते दोन्ही येणाऱ्या कुणाला तरी सोबत घेऊन कचेरीत जातात. लॅपटॉपमध्ये हेच काम ड्रायव्हर करतो. वायफायची चिप, साउंड, बोटाचा ठसा घेणारा सेन्सर, प्रिंटर, प्रत्येकाची भाषा वेगळी. ऑपरेटिंग सिस्टीमला ती येत नाही, मधे दुभाषी लागतो.

विंडोजसाठी हा दुभाषी चिप बनवणारी कंपनी स्वतः देते, कारण दिला नाही तर माल खपणार नाही. लिनक्समध्ये बहुतेक दुभाषे कर्नलच्या आतच बसलेले असतात. काही कंपन्या ते स्वतः लिहून देतात. इंटेल देतं, म्हणून इंटेलची वायफाय चिप असलेला लॅपटॉप सहसा पहिल्याच मिनिटाला नेटला लागतो. काही कंपन्या ड्रायव्हरही देत नाहीत आणि आपल्या चिपची भाषाही उघड करत नाहीत. मग कुणीतरी प्रोग्रामर ती चिप समोर ठेवून ती काय बोलते ते ओळखत बसतो, आणि ते काम व्हायला वेळ लागतो. लॅपटॉपचा ठसा सेन्सर लिनक्सवर चालत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, आणि तिथं टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नसतो. पासवर्ड टाइप करायचा, पुढं जायचं.

जुन्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमची वायफाय चिप असली तर आणखी एक गंमत होते. तिचा ड्रायव्हर मिळतो, पण कंपनीच्या बंद परवान्याचा असल्यामुळं वेगळा उतरवावा लागतो. उतरवायला नेट लागतं. नेटला वायफाय लागतं. इथं हताश होऊन लोक लॅपटॉप मिटतात. उपाय सोपा आहे: मोबाइल यूएसबी केबलनं जोडायचा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. लिनक्सला ते केबलचं नेट वाटतं, ड्रायव्हर लागत नाही. मग मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये जाऊन सुचवलेला ड्रायव्हर निवडायचा.

आता यापुढचा टप्पा जवळून बघा, कारण माझ्या पाहण्यात सगळ्यांत जास्त लोक इथं फसतात. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर बाहेरून घेतलेल्या ड्रायव्हरवर ओळखीची सही नसताना तो चालू दिला जात नाही. म्हणून ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. आपण काहीतरी ठरवतो आणि विसरतो. रीस्टार्ट केल्यावर अचानक निळा पडदा येतो, वर इंग्रजीत "परफॉर्म मॉक मॅनेजमेंट" असं काहीतरी, आणि खाली दहापासून उलटी मोजणी. निळा पडदा बघितला की विंडोजवाल्याच्या काळजात धस्स होतं. तो हात मागं घेतो, मोजणी संपते, लिनक्स नेहमीसारखं सुरू होतं आणि वायफाय तसंच मेलेलं. तर त्या दहा सेकंदांत कुठलीही की दाबायची, "एनरोल मॉक", मग "कंटिन्यू", मग "येस", मग मघाचा पासवर्ड, मग रीबूट. पासवर्ड इंग्रजी अक्षरांचा साधा ठेवलेला बरा, कारण त्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा असतो. एनव्हिडियाच्या ग्राफिक कार्डाचा कंपनीचा ड्रायव्हर टाकतानाही हाच निळा पडदा भेटू शकतो.

प्रिंटर

बाजारपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि घरगुती टेबलांवर वर्षानुवर्षं दोन छोटे लेसर प्रिंटर दिसतात, एचपीचा लेसरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९००. दोन्ही टिकाऊ, दोन्हींचा टोनर स्वस्तात भरून मिळतो. लिनक्सवर दोघांची तऱ्हा निराळी.

एचपी १०२० च्या पोटात स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, कायमचं साठवलेलं नसतं. बटण दाबून चालू केला की दर वेळी संगणकानं त्याला ते पाठवावं लागतं. लिनक्समधलं एचपीचं सॉफ्टवेअर, एचपीलिप, खुलं आहे, पण हे फर्मवेअर बंद परवान्याचं, म्हणून ते प्लगइन म्हणून वेगळं उतरतं. प्लगइन टाकलं नाही तर प्रिंटर यादीत दिसतो, "रेडी" म्हणतो, आणि कागद हलत नाही. पुढं कधी एचपीलिपची आवृत्ती बदलली की प्लगइनही नव्यानं घ्यावं लागतं; "काल चालत होता, आज काय झालं" याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

कॅननच्या २९०० ला पान आखायचं काम संगणकच करून देतो आणि ते पाठवायची पद्धत कॅननची स्वतःची, बंद. कंपनीनं लिनक्ससाठी ड्रायव्हर काढला होता, पण तो जुना झाला आणि नव्या डिस्ट्रोंवर तो बसवणं हे शनिवार-रविवार खाणारं काम आहे. त्यावर रोजचा धंदा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: त्या टेबलावरचं विंडोज हलवू नका.

उलट नवीन वायफाय प्रिंटर, खोक्यावर एअरप्रिंट लिहिलेला असेल तर, लिनक्सला बहुतेक वेळा ड्रायव्हरशिवायच सापडतो.

डी ड्राइव्ह

हे सगळ्यांनी दोनदा वाचावं. आपल्याकडं लॅपटॉप घेतला की दुकानदार डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करून देतो आणि बजावतो, "विंडोज बिघडलं तरी डी मधलं जात नाही." विंडोज पुन्हा टाकताना ते खरं असतं. त्यामुळं लग्नाचे फोटो, मुलांची प्रमाणपत्रं, दहा वर्षांचे हिशेब, सगळं डी मध्ये. लिनक्स बसवताना पडद्यावर पर्याय येतो, "इरेझ डिस्क अँड इन्स्टॉल". इथं डिस्क म्हणजे अख्खी डिस्क, सी आणि डी दोन्ही. दुकानदाराचा नियम इथं लागू नाही. म्हणून आधी डी मधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या, ती डिस्क लॅपटॉपपासून काढून बाजूला ठेवा, आणि मगच पुढं जा.

लिनक्समध्ये नंतर सी आणि डी शोधायला गेलात तर सापडणार नाहीत. तिथं सगळं एकाच झाडाला लटकतं, तुमच्या फायली "होम" मध्ये, पेनड्राइव्ह "मीडिया" खाली. सवय व्हायला फार दिवस लागत नाहीत. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा भेद मात्र काही दिवस छळतो. एकाच नावाच्या दोन फायली, एकीचं पहिलं अक्षर कॅपिटल, शेजारी शेजारी सुखानं नांदतात आणि आपण चुकीची मेल करतो.

काही लॅपटॉपमध्ये लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, डिस्कची पद्धत "रेड" किंवा "आरएसटी" ठेवलेली असली की असं होतं, ती "एएचसीआय" करावी लागते. विंडोजही ठेवायचं असेल तर ही अदलाबदल घाईनं करू नका, नाहीतर विंडोज चालू होताना आडवं पडतं. आधी त्याला सेफ मोडमध्ये सुरू करून तयार करावं लागतं. आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर बायोसला हात लावल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. आधी काढून कागदावर लिहून ठेवा, कारण नेमकी हवी तेव्हा त्या खात्याचा पासवर्ड आठवत नाही.

इएक्सइ चालत नाही, आणि कुणाचं अडतं

विंडोजचा प्रोग्राम विंडोजच्या कर्नलशी बोलायला लिहिलेला असतो. लिनक्सवर इएक्सइ फाइलवर डबल क्लिक केलं तर काही होत नाही, ते याचमुळं. वाइन नावाचा प्रकल्प १९९३ पासून मधे बसून विंडोजच्या हाका लिनक्सच्या हाकांत बदलतो. लहानसहान जुने प्रोग्राम आणि स्टीमवरचे पुष्कळ गेम त्यावर चांगले चालतात. पण पोट ज्याच्यावर आहे तो प्रोग्राम वाइनच्या भरवशावर सोडू नये.

ज्याचं काम ब्राउझर, मेल, पीडीएफ, सिनेमा, थोडं वर्ड-एक्सेल एवढंच आहे त्याचं लिनक्सवर फारसं अडत नाही. इंजिनिअरिंगला जाऊन प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांना तर ते सोयीचंच. बेळगावच्या उद्यमबागेत लेथ आणि सीएनसी मशीनवर काम घेणाऱ्यांचं मात्र अडतं. सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर, ऑटोकॅड विंडोज आणि मॅकवर. फ्रीकॅड लिनक्सवर आहे आणि शिकायला उत्तम आहे, पण गिऱ्हाइकानं पाठवलेलं ड्रॉइंग आहे त्या फाइलमध्येच दुरुस्त करून परत पाठवायचं असतं, तिथं "उत्तम" पुरत नाही. टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनतं. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्यांचं कोरलड्रॉ विंडोज आणि मॅकवर. २००० साली कोरलड्रॉची लिनक्स आवृत्ती निघाली होती खरी, पण ती पुढं चालवली नाही. इंकस्केप कोरलची फाइल उघडतं, सगळं जागच्या जागी मिळेल याची खात्री नाही.

कंपनीचं रिटर्न भरताना लागणाऱ्या डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचंही तसंच. टोकनचा ड्रायव्हर, सही करणारं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर अशी तीन टोकं जुळावी लागतात. ती विंडोजवरसुद्धा पहिल्या फटक्यात जुळत नाहीत हे कुठल्याही सीएच्या ऑफिसात विचारा. लिनक्सवर काही टोकनं चालतात, पण रिटर्नच्या शेवटच्या तारखेला तो प्रयोग कुणी करू नये.

तीन लिप्यांचा लॅपटॉप

लिनक्सवरच्या मराठीबद्दल पुण्या-मुंबईचे लोक लिहितात तेव्हा एका मराठी कीबोर्डवर विषय संपतो. आपल्याकडं एकाच दिवसात ग्रामपंचायतीला कन्नड अर्ज, मंडळाच्या गणेशोत्सवाचं मराठी पत्रक आणि मुलीच्या कॉलेजला इंग्रजी मेल असं सगळं असतं. त्यामुळं इथला वैताग मोठा, पण मजा अशी की लिनक्सकडं त्याचं उत्तरही बऱ्यापैकी तयार आहे.

आधी वाचायचं. श्री-लिपी, कृती देव अशा जुन्या फाँटांत टाइप केलेली मराठी ही खरं तर इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली मराठी चित्रं असतात. नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांतली कन्नडही तशीच. तो फाँट मशीनवर नसला की फाइल उघडताच पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, मधेमधे टिंबं आणि टोप्या घातलेली अक्षरं. लोक म्हणतात लिनक्सनं फाइल खराब केली. फाइल जशीच्या तशी आहे, फक्त फाँट नाही. विंडोजवर फाँट आधीच असायचा म्हणून कळत नव्हतं. फाँटची टीटीएफ फाइल होम फोल्डरमधल्या फाँटच्या जागी ठेवली की बहुतेक वेळा मजकूर पुन्हा दिसतो. खरा उपाय म्हणजे विंडोज अजून मशीनवर असतानाच अशा कामाच्या फायली कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये, म्हणजे एका ठरावीक फाँटवर न अडणाऱ्या अक्षरांत, आणून ठेवायच्या. मंडळाचे जुने अहवाल, सभासदांच्या याद्या, सगळं. नुडीच्या नव्या आवृत्त्यांत युनिकोडची सोय आहे, पण कचेरीतून येणारी प्रत्येक फाइल त्यातच असेल असं धरून चालू नका. पीडीएफ मागा, त्यात फाँट सहसा आतच बांधलेला असतो.

आता टाइप करायचं. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आला. इंग्रजी स्पेलिंगनं लिहीत जायचं आणि तो शब्द सुचवत जातो. त्याची सवय लागलेल्यांना लिनक्सवर पहिले काही दिवस हात बांधल्यासारखं होतं. आय-बस आणि एम-१७-एन हे घटक टाकले की मराठीच्या फोनेटिक पद्धती मिळतात, पण त्या शब्द सुचवत बसत नाहीत. कुठल्या इंग्रजी अक्षराला कुठलं मराठी अक्षर हा नेम ठरलेला, तो पाळायचा. एकदा बसला की सुचवण्यांपेक्षा वेगानं लिहून होतं असं मला वाटतं, कारण यादीकडं बघायला नजर हलवावी लागत नाही. टाकल्यावर एकदा लॉगआउट करून परत यायला विसरू नका. ते न केल्यामुळं "टाकलं तरी दिसंना" असे फोन येतात.

इनस्क्रिप्ट ही सरकारी कीबोर्ड मांडणी येणाऱ्यांचं काहीच अडत नाही, मांडणी तीच. "दऱ्या", "सुऱ्या", "बाऱ्या" मधला ऱ्य काढता येत नाही अशी तक्रार असते, तर शिफ्ट धरून जे दाबा, मग डी, मग तिरकी रेघ. झाला.

पण आपल्या भागातल्या लोकांसाठी खरी चीज वेगळीच आहे. कर्नाटकात कन्नड टायपिंग शिकलेल्यांच्या बोटांत कन्नड गणक परिषदेची (कगप) मांडणी बसलेली असते, नुडीतली तीच. लिनक्सच्या कीबोर्ड यादीत "कन्नड, कगप फोनेटिक" आहे, आणि त्याच यादीत "मराठी, कगप फोनेटिक" सुद्धा आहे. म्हणजे कन्नडमध्ये जिथं क आणि त आहेत तिथंच मराठीतही, जोडाक्षराला एफ दोन्हीकडं. एकाच बोटांच्या सवयीनं दोन्ही लिप्या. आय-बसचीही गरज नाही, ही मांडणी सिस्टीममध्ये आधीच असते. कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन इंग्रजी, मराठी, कन्नड अशी तीन ओळींची यादी करायची आणि बदलायचा शॉर्टकट ठरवायचा. स्वतंत्र स्वर काढताना नुडीपेक्षा थोडं निराळं वागावं लागतं, ते सेटिंगमधलं कीबोर्डचं चित्र उघडून एकदा बघून घ्या. पालिकेत किंवा बँकेत कन्नड टाइप करणारी आणि घरी मराठी लिहिणारी कितीतरी मराठी माणसं इथं आहेत, आणि ही सोय त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे.

राहिलं लिबरऑफिस. वर्डची फाइल त्यात उघडली की ओळी सरकतात, एका पानाचा बायोडाटा दुसऱ्या पानावर दोन ओळी सांडतो. कारण पुन्हा फाँट. लिनक्सबरोबर कॅलिब्री येत नाही; तेवढ्याच रुंदीचा कार्लिटो असेल तर इंग्रजी मजकूर जागेवर राहतो. मराठीसाठी विंडोजमधला मंगल नसतो, दुसरा फाँट येतो आणि त्याची उंची-रुंदी निराळी. मुक्त परवान्याचा एकच फाँट, नोटो किंवा मुक्ता, विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडं टाकून त्यातच लिहिलं तर हा त्रास बराच मिटतो. आणखी एक खोच: लिबरऑफिसच्या स्टाइलमध्ये इंग्रजीचा फाँट आणि देवनागरी-कन्नडचा फाँट यांच्या दोन वेगळ्या जागा असतात. लोक वरच्या जागेत आकार बदलतात आणि मराठी अक्षर तसूभर हलत नाही म्हणून चिडतात. आधी भाषेच्या सेटिंगमध्ये "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट" चालू करून मराठी निवडा, मग खालची जागा दिसेल.

टर्मिनल आणि फुकटचे सल्ले

मिंटवर रोजच्या कामाला टर्मिनल लागत नाही. ते लागतं काही बिघडलं की, कारण नेटवर सल्ला देणाऱ्याला चार मेनूंची वाट सांगण्यापेक्षा एक ओळ देणं सोपं जातं. पासवर्ड विचारल्यावर टाइप करताना बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये पडद्यावर काहीच उमटत नाही, चांदण्यासुद्धा नाहीत. कीबोर्ड चालतोय, तुम्ही टाइप करून एंटर मारा. सहा-सात वर्षांपूर्वीच्या उत्तरातली ओळ आजच्या आवृत्तीवर डोळे मिटून चिकटवू नका. आणि ज्या ओळीची सुरुवात "सुडो" नं होते आणि पुढं "आरएम" आहे ती आधी समजून घ्या. सुडो म्हणजे मालकाचा अधिकार, आरएम म्हणजे पुसणं. टर्मिनलमधून पुसलेलं रीसायकल बिनमध्ये जात नाही.

एकच सॉफ्टवेअर तीन ठिकाणी मिळतं हाही एक घोळ: डिस्ट्रोच्या स्वतःच्या साठ्यातून, फ्लॅटपॅक म्हणून, नाहीतर स्नॅप म्हणून. शेवटची दोन कुंपणात चालतात, म्हणजे परवानगी दिल्याशिवाय त्यांना तुमची डिस्क पूर्ण दिसत नाही. पेनड्राइव्ह फाइल मॅनेजरमध्ये दिसतो आणि त्या प्रोग्राममधून उघडत नाही, असं झालं तर पेनड्राइव्हला दोष देऊ नका, परवानगी तपासा.

पुसण्याआधी बसून बघा

यातल्या बहुतेक गोष्टी विंडोजला हात न लावता तपासता येतात. आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या (त्यातलं सगळं जाईल), विंडोजवरच्या रूफस या प्रोग्रामनं त्यावर मिंट चढवा, लॅपटॉप चालू होताना एफ१२, एफ२ किंवा एस्केप दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करा. याला लाइव्ह म्हणतात. "इन्स्टॉल" चं चिन्ह पडद्यावर असतं, ते दाबू नका. वायफाय जोडून बघा, गाणं लावून बघा, ब्लूटूथ, कॅमेरा. झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा, झोपेतून नीट उठतो का ते कळेल. प्रिंटर जोडून एक पान काढा. तीन कीबोर्ड टाकून कन्नड-मराठी लिहून बघा. मुलाची ऑनलाइन परीक्षा पडदा लॉक करणाऱ्या ब्राउझरमध्ये होत असेल तर त्या संस्थेला आधी विचारा. असे ब्राउझर बहुधा विंडोज-मॅकपुरतेच असतात. काम पेनड्राइव्हवरून चालत असल्यामुळं सगळं जरा संथ वाटेल, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. रीस्टार्ट केलं की लाइव्हमध्ये केलेलं सगळं पुसलं जातं.

डी मधल्या फायली लाइव्हमध्ये दिसतात पण सेव्ह होत नाहीत असं झालं, तर विंडोज पूर्ण बंद झालेलं नाही. फास्ट स्टार्टअपमुळं शटडाउन केल्यावरही ते अर्धं झोपलेलं असतं आणि लिनक्स त्या डिस्कवर लिहायला नकार देतं. विंडोजमध्ये जाऊन शिफ्ट धरून शटडाउन करा. दोन्ही सिस्टीम कायम शेजारी ठेवणार असाल तर फास्ट स्टार्टअप कंट्रोल पॅनेलमधून बंदच करून टाका.

लाइव्ह बघून विंडोजमध्ये परत गेलात आणि घड्याळ साडेपाच तास मागं दिसलं तर लॅपटॉपची बॅटरी गेली असं समजून दुकानात धावू नका. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ लिहितं, लिनक्स ग्रिनिचची लिहितं, आणि दोघंही दुसऱ्यानं लिहिलेलं आपल्या पद्धतीनं वाचतात. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये "सिंक नाऊ" दाबलं की ते जागेवर येतं. दोन्ही सिस्टीम ठेवणार असाल तर लिनक्सलाच एकदा सांगून टाका की इथलं घड्याळ स्थानिक वेळेचं आहे. टाइमडेटसीटीएल या कमांडमध्ये त्याची सोय आहे, तिच्यातला "सेट लोकल आरटीसी" हा पर्याय एकवर करायचा.